खिडकीतली पुरचुंडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि देवापुढे हात जोडते तेव्हा तिथेही हा विषय मी शिताफीनं टाळते. तशी गोष्ट मी कितीतरी वेळा सांगितलेली आहे — शिक्षकांच्या प्रशिक्षणात, लग्नाच्या पंगतीत, निवृत्तीच्या दिवशी माईकवरून. फक्त दर वेळी तिच्यातला एक तुकडा काढून. आणि कुणालाही काही कमी आहे असं वाटलं नाही! लोक डोळे पुसायचे. एकदा तर मीही पुसले.

आज तो तुकडा सांगते. घाई करणार नाही, कारण घाईत मी तो पुन्हा गाळेन. मला माझी सवय माहीत आहे.

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटची. वडील सरकारी नोकरीत, आजोबाही. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी — इथे आम्हा मराठी लोकांचं असंच असतं, त्यात विशेष काही नाही. नोकरीची शेवटची बरीचशी वर्षं मी किरनापूरच्या रस्त्यावरच्या एका गावात, प्राथमिक शाळेत काढली. गावाचं नाव सांगत नाही. गावाचा यात काही दोष नाही. दोन खोल्या, ओसरी, हातपंप, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. साठेक मुलं. शिकवायला आम्ही दोघं — बडे सर, म्हणजे मुख्याध्यापक, आणि मी. आणि दुपारचं जेवण रांधणारी फुलवंताबाई.

फुलवंताबाईला अक्षर येत नव्हतं. पण कुणाचा दात हलतोय, कुणाच्या घरी काल भांडण झालं, कोण दुसऱ्यांदा भात मागायला लाजतं, हे तिला पाठ होतं. लाजणाऱ्या मुलाला ती ‘अजून हवं का’ असं कधीच विचारायची नाही. त्याच्यासमोर भगोणं घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, “थोडासा बचा है बेटा, खत्म कर दे, मेरेको बर्तन माँजना है।” मुलाला वाटायचं, आपण हिची मदत करतोय. नवीन मूल शाळेत आलं की पहिल्याच दिवशी ती त्याला ताटल्या मोजायला बसवायची. ज्यानं शाळेच्या ताटल्या मोजल्या तो पाहुणा राहत नाही — असं ती कधी म्हणाली नाही. ते वाक्य माझं आहे, प्रशिक्षणातलं. ती नुसतं करायची, आणि मी त्यावर बोलायचे.

मुठीची पद्धतही तिचीच. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेचा तांदूळ वेळेवर आला नाही. तिनं मुलांना सांगितलं, उद्या घरून एक-एक मूठ घेऊन या. गावात धान कापून, मळून नुकतंच घरात आलेलं. कुणी नवा तांदूळ आणला, कुणी कोट्याचा, म्हणजे रेशनचा. तिनं सगळा एका गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, ओतला आणि गूळ घालून खीर केली. पुढे शाळेचा तांदूळ आला, पण दुसऱ्या वर्षी मुलंच विचारायला लागली, मूठ कधी? तेव्हापासून दर वर्षी धान घरात आल्यावर एका शनिवारी मूठ ठरलेली. नियम एकच, तोही तिचा — “मुट्ठी देखना नहीं, डालना।” कुणी किती आणलं, कसलं आणलं, बघायचं नाही.

खीर खाताना मुलांचा एक खेळ असायचा. ताटलीतलं एखादं शीत बोटावर घ्यायचं आणि ओरडायचं, “ये मेरा वाला है!” सगळे खोटं बोलायचे, सगळ्यांना ते ठाऊक असायचं, आणि त्यावरून मारामारीही व्हायची.

आता प्रज्ञा. ती तिसरीत आमच्याकडे आली. आईवडील गोंदियाकडचे, गवंडीकामासाठी बालाघाटला आलेले; पोरीला आजीजवळ या गावात भाड्याच्या खोलीत ठेवलं होतं. गावात बौद्ध घर ते एकच. तिला हिंदी समजायची, पण बोलायला तोंड उघडायची नाही. एक दिवस मी ओसरीत उभी राहून बहिणीशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तर ही समोर.

“बाई, तुमाले मराठी येते?”

मी म्हटलं, येते. त्या दिवसापासून शाळेत मला बाई म्हणणारी ती एकटी. बाकी सगळ्यांची मी मैडम होते. दप्तर ठेवलं की ती माझ्या टेबलाशी यायची आणि घरचं सगळं सांगून टाकायची — आजीचे गुडघे, कोंबडीची पिल्लं, आई रविवारी येते की नाही. मला बरं वाटायचं. हे खरंच सांगते, मला ती पोर आवडायची. तुम्ही म्हणाल, मग? तेच तर.

त्या वर्षीच्या मुठीला तिनं शीत उचललं आणि उभी राहून ओरडली, “हे माह्यं होय!” सगळी मुलं हसली. हसून झाल्यावर रोशनी नावाची तिच्याच वर्गातली मुलगी तसंच म्हणाली, मग दुसरी, मग सगळी शाळा. आठवडाभर मुलं पेन्सिलीवर, चपलेवर, हातपंपावर बोट ठेवून ‘माह्यं होय, माह्यं होय’ करत फिरत होती. पोवारांची मुलं, गोंडांची मुलं, सगळी. प्रज्ञाला कुणी वेगळं बसवण्याचा प्रश्नच उरला नाही. तिची भाषा शाळेच्या तोंडात बसली होती.

प्रशिक्षणात मी इथे थांबते. इथे टाळ्या पडतात.

पण त्या वर्षीची खीर मी खाल्ली नव्हती. आज चतुर्थी आहे, म्हणाले. चतुर्थी नव्हती. त्याच्या आधी दर वर्षी मी ओरपून खाल्ली होती, कधी दोनदा. त्या वर्षी काय झालं होतं? मी स्वतःला विचारलं नाही. कुणी दुसऱ्यानंही विचारलं नाही, कारण इथे कुणाचा कधी उपवास असेल सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी प्रज्ञा चौथीत. त्या मुठीला शाळा समितीचे अध्यक्ष यायचे होते, गावातले मोठे शेतकरी. बडे सर आदल्या दिवशी मला एवढंच म्हणाले, “मैडम, कल जरा आप देख लेना।” काय देखायचं ते त्यांनी सांगितलं नाही. बहुधा झाडलोट म्हणायची असेल त्यांना. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं ते कुणीही मला करायला सांगितलेलं नव्हतं.

सकाळी मी ओसरीत गंज घेऊन बसले. फुलवंताबाई दूध आणायला गावात गेली होती. मुलं रांगेनं येत होती, मूठ उघडत होती, मी हातानं सारखं करत होते. प्रज्ञा आली. निळ्या कापडाच्या तुकड्यात बांधलेली छोटी पुरचुंडी, गाठ दोनदा मारलेली. मी ती हातात घेतली — आणि मागच्या खिडकीत ठेवली.

“थांब हं, टाकते मग,” म्हणाले.

तिच्या मागच्या मुलीचा तांदूळ मी लगेच ओतला. तिच्या मागच्याचाही. ती बाजूला उभी राहून खिडकीकडे बघत होती. मग रांगेनं तिला पुढे ढकललं आणि ती गेली. मी पुरचुंडी उचलून वर्गातल्या कपाटात खडूच्या डब्यांमागे सरकवली. मुलं बाहेर होती. कुणी पाहिलं नाही.

का? थांबा, मी तेव्हा स्वतःला काय सांगितलं ते आधी सांगते. कोट्याचा तांदूळ असेल, जाडा, नव्या तांदळात नीट शिजणार नाही, अध्यक्षांच्या दाताखाली यायचा. हे मी मनात अगदी नीट, मुद्देसूद मांडलं. पण तिच्या आधी तीन मुलांनी कोट्याचाच आणला होता आणि तो मी ओतला होता. मग किडे असतील? पुरचुंडी तर मी उघडलीच नव्हती. मग अध्यक्षांची भीती? असं म्हणायला मला फार आवडेल. पण अध्यक्षांनी कुणाच्या तांदळाची चौकशी केली नाही. आले, मुलांच्या पंगतीत मांडी घालून बसले, दोन ताटल्या खीर खाल्ली आणि ढेकर देऊन गेले.

अध्यक्षांसोबत बसून त्या दिवशी मला खीर खावी लागणार होती. एवढंच होतं ते. ती मुलगी बौद्ध होती, तिच्या घरचा तांदूळ त्या गंजात पडला असता तर तो माझ्या तोंडात गेला असता, आणि ते मला नको होतं.

लिहिलं बघा. आमच्या घरी जातीचं नावसुद्धा कुणी काढत नसे. काढायची गरजच नव्हती — कुणाला ओसरीत चहा आणि कुणाला स्वयंपाकघरात, हे आम्हाला न शिकवता कळायचं. मी शिकलेली होते, ‘आम्ही नाही हो मानत तसलं काही’ असं चारचौघांत म्हणणारी होते. ती पोर माझ्या टेबलाला टेकून उभी राहिलेली चालायची. तिच्या डोक्यावरून मी हात फिरवलेला आहे. घास आला तेव्हा मात्र मी नेमकी आमच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

खिरीला बसल्यावर खेळ सुरू झाला. रोशनीनं एक शीत उचलून प्रज्ञाच्या ताटलीत ठेवलं. “ये तेरा वाला।”

“इसमें मेरा नहीं है,” प्रज्ञा म्हणाली. हिंदीत, स्पष्ट. मुलांना वाटलं हाही खेळच, सगळी हसली. मी अध्यक्षांना आणखी खीर वाढायला उठले.

सोमवारपासून ती शाळेत आली नाही. चार दिवस झाले. पाचव्या दिवशी तिची आजी आली, गुडघ्यावर हात टेकत, ओसरीच्या पायरीशी. मी खुर्ची दिली तर बसली नाही.

“बाई, पोट्टी शाळेत येयाले नाई म्हनते. काहून म्हनलं त रडते. माह्या तांदूळ नाई टाकला म्हनते.” मग माझी समजूत घातल्यासारखी म्हणाली, “लहान हाये जी. तिनं सरवा वेचला होता ना. शाळा सुटली का वावरात, आठ दिस. मंग म्या उखळात कांडून देल्ला. म्हनून मनाले लागलं तिच्या.”

सरवा म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेल्या ओंब्या. त्या पोरीनं एकेक वेचून आणल्या होत्या. सगळ्या शाळेत त्याहून नवा तांदूळ कुणाचा नव्हता. तो आमच्यापासून दहा पावलांवर, कपाटात होता. मी उठून तो आणू शकत होते. आजी, चुकून राहिला हो, म्हणू शकत होते — एक लहानसं खोटं, सगळ्यांना पचलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी पोर शाळेत आली असती. एवढंसुद्धा मी केलं नाही. कारण मग कुणी विचारलं असतं, कपाटात कसा गेला?

मी म्हणाले, “मी तर फुलवंताबाईंकडे दिला होता आजी. त्यांच्याकडून राहिला असेल.”

वाक्य इतकं सहज आलं की मलाच नवल वाटलं. फुलवंताबाई हातपंपावर भांडी घासत होती. आजीनं तिथूनच तिला हाक मारली, “काहून वो बाई, पोरीचा तांदूळ तुमच्याकून राह्यला का?” ती राखेचे हात तसेच घेऊन आली. तिनं आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हजेरी उघडली आणि नावं वाचायला लागले.

“मैडम ने मेरेको दिया था?” तिनं विचारलं.

मी मान न उचलता म्हटलं, “हाँ, दिया तो था।”

तिनं हातांची राख पदराला पुसली. मग आजीला म्हणाली, “तो रह गया होगा अम्मा, मेरे से। मैं आती हूँ उसके पास।”

त्या दिवशी भांडी तशीच टाकून ती आजीबरोबर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेली. नंतर मला रोशनीकडून कळलं की तिनं त्या पोरीसमोर उकिडवं बसून, कान धरून माफी मागितली. पहिल्या दिवशी प्रज्ञा बाहेर आलीच नाही. फुलवंताबाई आठवडाभर रोज सकाळी त्यांच्या दारात जाऊन बसायची, आजीशी गप्पा मारायची, चूल पेटवायची वेळ झाली की उठून शाळेत यायची. आठव्या दिवशी प्रज्ञा तिचं बोट धरून आली. त्यानंतरच्या मुठीला फुलवंताबाईनं तिला सगळ्यात आधी बोलावलं आणि तिच्याच हातानं गंजात ओतायला लावलं. म्हणजे मुलगी शाळेत टिकली. पाचवी झाली, पुढे किरनापूरला शिकली, आता नागपुरात नर्सिंग करते असं ऐकते. प्रशिक्षणात यातलं शेवटचं वाक्य मी सांगते.

पुरचुंडी मी एक दिवस पर्समध्ये घालून घरी नेली. उघडली. तांदूळ लालसर होता, कांडताना बराच तुटलेला. घरात ठेवणं शक्य नव्हतं, फेकवेना, म्हणून गच्चीवर चिमण्यांना टाकला. चिमण्यांना दाणे टाकणं हे पुण्याचं काम, नाही का? कापडाचा तुकडा धुऊन काही दिवस ठेवला होता, मग तो कुठे गेला आठवत नाही.

प्रज्ञा परत आल्यावर माझ्याशी नीटच वागली. उलट उत्तर नाही, रुसवा नाही, गृहपाठ वेळेवर. फक्त टेबलाशी आली नाही, आणि माझ्याशी पुन्हा मराठी बोलली नाही. “मैडम, पानी पीने जाऊँ?” “मैडम, हो गया।” तिनं खिडकी पाहिली होती. फुलवंताबाईनं कान धरून माफी मागितली तेव्हा तिला सगळं माहीत होतं, आणि ती आठ-नऊ वर्षांची पोर कुणाला काही बोलली नाही. का बोलली नाही, हे मला कळत नाही. कदाचित बोलली असेल आणि मोठ्यांनी ऐकलं नसेल.

एका गोष्टीचा मात्र मला इतकी वर्षं आधार होता. मला वाटायचं, फुलवंताबाईला कळलेलं आहे. तिनं माझ्याकडे जे पाहिलं होतं त्यात कळलेलं होतं, आणि मैडमची अब्रू जाऊ नये म्हणून तिनं ते अंगावर घेतलं. अशीच होती ती, लोकांचं सांभाळून घेणारी. म्हणजे आमच्या दोघींत एक गुपित आहे, असं मी धरून चालले होते. मला त्याची जवळजवळ सोबत वाटायची. दिवाळीला मी तिला साडी द्यायला लागले. ती घ्यायची, काही बोलायची नाही. मी समजायचे, बोलायची गरजच नाही.

माझ्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधी तिचं काम सुटलं. वय झालं होतं, डोळ्यांना धूर सोसत नव्हता. ती आता हट्टा गावी मुलाकडे असते. बालाघाटहून बस आहे, दिवसातून कितीतरी. मी गेलेले नाही.

तिच्या कामाच्या शेवटच्या दिवशी मुलं घरी गेल्यावर ती वर्गाच्या दारात आली. मला वाटलं निरोप घ्यायला आली असेल. ती आत येऊन खाली बसली, उठली, पुन्हा बसली.

“मैडम, एक बात मन में रह गई है,” ती म्हणाली. “वो प्रज्ञा का चावल। मैंने बहुत ढूँढा था। डब्बे देखे, बोरे उलटे किये, चूल्हे के पीछे देखा। आज तक याद नहीं आता कहाँ रख दिया। इतने साल में किसी बच्चे का मन नहीं दुखाया मैंने, बस उस एक का।” मग म्हणाली, “और आपने किसी को नहीं बोला। बड़े सर को भी नहीं। दूसरी कोई होती तो मेरा काम जाता।”

ती शोधत होती. माझ्यावर तिनं विश्वास ठेवला होता, इतकं साधं होतं ते, आणि त्यानंतर ती एकटीच त्या पत्र्याच्या खोलीत डबे उघडून बघत राहिली होती. कपाट माझ्या पाठीशी होतं. शाळेत तिसरं कुणी नव्हतं. सांगायला याहून बरी वेळ आली नसती.

मी म्हणाले, “छोड़ो फुलवंताबाई। हो जाता है। मैंने तो कब का माफ कर दिया।”

तिला बरं वाटलं. दिसलं मला, खरोखरच बरं वाटलं. पदरानं तोंड पुसत ती उठली. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी असेल. ती माझ्या पाया पडायला वाकली, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.